डासमावशीच्या हातचं सॅम्पल

आधीच सांगून टाकते, डासमावशी हे नाव मी ठेवलेलं नाही. उगाच मला बोल लावू नका. ते ठेवलं एका चिमुरडीने. आमच्या हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या खोलीत ती आईच्या मांडीवर बसून भोकाड पसरत होती, आणि मावशी तिला विचारत होत्या, "चित्र कुठल्या हाताने काढतेस गं? मग दुसरा दे मला. चित्राच्या हाताला आपण त्रास द्यायचा नाही." पोरगी विचारात पडली, आणि तिने दुसरा हात पुढे करून 'आई गं' म्हणायच्या आत नळी भरलीसुद्धा. कापूस लावल्यावर ती म्हणाली, "कधी टोचणार?" आई म्हणाली, "अगं, टोचून झालं." तर डोळे मोठे करून म्हणते कशी, "ही तर डासमावशी! रक्त प्यायली आणि कळलंपण नाही!" झालं. तेव्हापासून वॉर्डातल्या सिस्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. मावशी चिडल्या का? छे. म्हणाल्या, "डास तर डास. डासाला निदान कुणी ओव्हरटाइम लावत नाही."

माझं नाव मात्र त्यांनीच ठेवलंय. भोंगा. कारण काय, तर मी बोलायला लागले की कॅन्टीनपर्यंत ऐकू जातं म्हणे. जातं तर जातं! बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. त्याच भोंग्याने आता मावशींची गोष्ट सांगायची ठरवली आहे, कारण त्या स्वतः सांगायला बसल्या की 'काही झालं नाही गं' यापलीकडे जात नाहीत. आणि झालं तर केवढं! आमच्याच माणसांपैकी कुणाचं तरी हृदय आजारी आहे असं एका कॉम्प्युटरने सांगितलं, आणि आम्ही सगळे अक्कल गहाण टाकून त्या कॉम्प्युटरशीच भांडायला निघालो.

पण आधी मावशी कशा आहेत ते ऐका. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, केस घट्ट बांधलेले, आणि हात कायम गरम. थंड हाताने पेशंटला धरायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. थंडीच्या दिवसांत त्या गरम पाण्याच्या बाटलीला हात लावून मगच खुर्चीजवळ येतात. दुसरा नियम, एका माणसाला एकच टोचणी. शीर सापडली नाही तर बोटाने चाचपत बसतील, गप्पा मारतील, पण अंदाजे सुई घालणार नाहीत. तिसरा नियम नळीचा. रक्त भरलेली नळी खळखळ हलवायची नाही, हलकेच उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली की रक्तातल्या पेशी फुटतात, मग मशीनमध्ये नळी फिरवल्यावर वर येणारं पिवळसर पाणी गुलाबी होतं, आणि मग तपासणीचे आकडे वाटेल ते बोलायला लागतात. वॉर्डातून असं गुलाबी सॅम्पल आलं की मावशी ते उजेडात धरून फोन लावणार. "सिस्टर, रक्त पाठवलंत की गुलाबपाणी?" पलीकडची बिचारी गार.

त्यांच्या स्वतःच्या हातचं सॅम्पल कधी परत आलं नाही. हा त्यांचा अभिमान. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत त्याबाबतीत. आणि माझ्या हातचं? मी त्यांच्याकडेच शिकले, बाकी सगळे मला चांगलं म्हणतात. पण मावशींच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द माझ्यासाठी निघेल तर शपथ! "ठीक आहे. निळं केलंस थोडं." एवढंच. माणसाचा हात निळा झाला की नाही ते त्या दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठून बघणार. मी मनातल्या मनात चरफडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच शेजारच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहायची.

तर आमच्याकडे एक हृदयाचे डॉक्टर आहेत. उंच, किडकिडीत, खिशातलं पेन पडलं तरी पत्ता नाही असे. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो, ईसीजीची पट्टी नॉर्मल निघते, त्याला घरी पाठवतात, आणि मग तो पुन्हा येतो तो स्ट्रेचरवर. हे टाळायचं कसं? म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटरवाली बोलावून आणली. तिशीची, जाड चष्म्याची, कायम धावत चालणारी. आम्ही तिला गणितवाली म्हणायला लागलो आणि ती खुशाल ओ द्यायला लागली.

तिने आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं. हृदयाला त्रास झाला की ते रक्तात खुणा सोडतं. ट्रोपोनिन नावाची एक खूण आहे, हृदयाचा स्नायू दुखावला की ती रक्तात उतरते. दुसरी हृदयावर ताण पडला की वाढते. तिसरी आतली सूज सांगते. अशा बऱ्याच. डॉक्टर एकेक आकडा बघतात, मर्यादेत असला की पुढे जातात. तिचा प्रोग्राम मात्र सगळे आकडे एकत्र बघतो, आणि हजारो जुन्या पेशंटांच्या आकड्यांवरून स्वतःच शिकतो की हृदय बिघडलेल्या माणसाचं रक्त दिसतं कसं.

"शिकतो म्हणजे?" मावशींनी विचारलं. "चुकला तर उठाबशा कोण काढायला लावतं याला?"

"मीच," गणितवाली म्हणाली. "चूक दाखवते आणि पुन्हा शिकायला बसवते."

"पण आकडे सगळे मर्यादेत असतील तर त्याला दिसतं काय?"

गणितवालीने फळ्यावर रेघा मारल्या, गोल काढले, आम्ही सगळे माना डोलावत होतो आणि कुणाला काही कळत नव्हतं. शेवटी मावशीच म्हणाल्या, "थांब, म्हणजे घरातल्या पोरांसारखं. एक गप्प बसलं तर बसलं. पण सगळीच्या सगळी एकदम गप्प बसली, की आईने हातातलं टाकून उठून बघायचं."

गणितवालीने खडू टाकला आणि टाळ्या वाजवल्या. "मावशी, हे मी माझ्या भाषणात सांगणार!" आणि खरंच सांगितलं तिने, पुढे एका मोठ्या सभेत. पण ते नंतर.

आजारी माणसांचं रक्त आमच्याकडे हवं तेवढं होतं. घोडं अडलं ते निरोगी माणसांवर. प्रोग्रामला दोन्ही दाखवावे लागतात ना, हा आजारी, हा धडधाकट. आता हॉस्पिटलात धडधाकट माणूस शोधायचा कुठे? डॉक्टरांनी डोकं खाजवलं. मावशींनी कंबर कसली. "आपण आहोत की!" आणि निघाल्या. सिस्टर, वॉर्डबॉय, कॅन्टीनचे आचारी, लिफ्टवाला, गेटवरचे वॉचमन, कपडे धुणाऱ्या बायका, एकालाही सोडलं नाही. खुर्चीत बसवायचं, विचारायचं, "काही त्रास?" तो म्हणणार, "नाही बुवा." की लागला निरोगीचा शिक्का. हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला ही खोडच असते. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी बघून त्याला वाटायला लागतं, त्यांच्या मानाने आपण ठणठणीत. मोठी तपासणी कुणाची केली नाही. जो तो आपल्या तोंडाने निरोगी.

मावशींनी स्वतःलाही त्यात घातलं, सगळ्यांच्या आधी. "मला काय धाड भरलीये?" त्या म्हणाल्या. आणि लवंग दाढेखाली सरकवली. ही लवंग त्यांच्या पर्समध्ये कायम. डावी दाढ दुखायची त्यांची, अधूनमधून. दाताच्या डॉक्टरने फोटो काढला, ठोकून बघितलं, म्हणाला दाढ उत्तम आहे. तर मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यालाच अक्कलदाढ आलेली नाही."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझी वाट त्यांच्याच दारावरून जाते, म्हणून बसमधून उतरलो की मी भाजीची एक पिशवी उचलून वर सोडायला जायची. दर मजल्यावर मावशी थांबणार. का, तर चपलेचा पट्टा निघाला. खाली वाकणार, पट्ट्याशी खुडबुड करणार, गालावर हात ठेवून दाढेला शिव्या घालणार, आणि मग पुढे. मी म्हणायची, "मावशी, ती चप्पल फेका एकदाची! दर जिन्याला रुसून बसते नवरीसारखी." त्या म्हणायच्या, "तू चल गं पुढे, तोंडाची वाफ दवडू नकोस."

मग तो दिवस आला. प्रोग्राम शिकून तयार झाला होता आणि गणितवालीने त्याची परीक्षा घेतली. आधी न दाखवलेले पेशंट त्याच्यापुढे टाकले. काय सांगू तुम्हाला! आमच्या खोलीत सगळे जमले होते, ती एकेक निकाल वाचत होती आणि डॉक्टर 'बरोबर', 'बरोबर' म्हणत होते. ईसीजीने ज्यांना घरी पाठवलं होतं आणि जे पुढे स्ट्रेचरवर आले होते, त्यातले बहुतेक त्याने पहिल्या रक्तावरूनच ओळखले. बहुतेक! मी ओरडले, लिफ्टवाल्याने लिफ्ट अर्ध्यात सोडली आणि तोही येऊन ओरडला. डॉक्टरांच्या खिशातलं पेन तीनदा पडलं आणि तीनदा मी उचलून दिलं. वाटलं, आता किती माणसं वाचतील! आणि त्यातलं रक्त आमच्या हातचं आहे!

मग धडधाकट माणसांचे निकाल काढले. तिथेही सगळं बरोबर. फक्त एक सोडून. निरोगी म्हणून दिलेल्या एका सॅम्पलवर प्रोग्राम ठामपणे सांगत होता, या माणसाचं हृदय आजारी आहे.

गणितवालीचा चेहरा पडला. "चुकला वाटतं."

डॉक्टरांनी पडद्यावर त्या नळीचा नंबर शोधला. कोणत्या नळीमागे कोण आहे हे फक्त त्यांना बघता येत होतं. मग ते म्हणाले, "एकतर प्रोग्राम चुकलाय, नाहीतर सॅम्पल खराब झालं असेल."

"किंवा?" मी विचारलं. माझ्या तोंडाला कुलूप कुठे असतं?

"किंवा आपल्यातलं कुणीतरी आजारी आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही."

लिफ्टवाल्याने हळूच कॉलरचं बटण सोडलं. आचाऱ्याने हातातलं बिस्कीट परत पुड्यात ठेवलं. जो तो आपल्या छातीवर हात ठेवून ऐकतोय, जसं काही आत घंटाच वाजणार आहे. मी विचारलं, "कोण ते सांगा ना!" डॉक्टर म्हणाले, "खात्री झाल्याशिवाय मी कुणाचा जीव टांगणीला लावणार नाही. उद्या सकाळी सगळ्यांचं रक्त पुन्हा घेऊ. सगळ्यांचं. आणि तोवर जिने नकोत, ओझी नकोत, कुणालाच." हे म्हणताना त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. अगदी ताकास तूर लागू दिली नाही.

आता बघा, एवढं सगळं बोलणं झालं, त्यातलं डासमावशींनी ऐकलं काय? 'सॅम्पल खराब'. बस. तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या.

"खराब? माझ्या हातचं सॅम्पल खराब?"

"मावशी, मी फक्त म्हटलं की..."

"केस पांढरे झाले माझे या खोलीत! वॉर्डवाल्यांची नळी परत गेली असेल, माझी नाही. तुमच्या त्या खोक्याला सांगा, आधी रक्त बघायला शिक म्हणावं!"

घरी जातानाही तोच जप. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं, पण मावशींचं घर तर तिसऱ्या मजल्यावर, हवेतून जाणार का? पहिल्या मजल्यावर पट्टा निघाला. दुसऱ्यावर पुन्हा. "खराब म्हणे!" गालावर हात, कपाळावर घाम. मला त्यांच्याकडे बघायला सवड कुठे होती, मी माझ्याच भीतीत. "मावशी, मीच असणार हो ती. चहा प्यायले की माझ्या छातीत जळजळतं."

"तू?" मावशींनी श्वास घेतला, मग म्हणाल्या, "तुझं हृदय बंद पडलं तरी तोंड चालू राहील. जा घरी."

सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी हजर. बाह्या वर, ट्रे मांडलेला, नळ्या ओळीने. जाहीरच केलं त्यांनी, "आज माझ्याशिवाय कुणी सुईला हात लावायचा नाही. बघू कोण खराब म्हणतं!" आणि काय काम केलं त्या बाईने! लिफ्टवाला, आचारी, सिस्टर, वॉचमन, मी. टोचणी कळत नाही आणि नळी भरलेली. प्रत्येक नळी हलकेच उलटायची, मशीनमध्ये फिरवून आणायची, उजेडात धरायची, डॉक्टरांच्या नाकासमोर नेऊन दाखवायची. "बघा. आहे गुलाबी? आहे?" डॉक्टर मुकाट्याने 'नाही' म्हणायचे.

सगळं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही राहिलात."

मावशींनी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधायला घेतला. एका हाताने आणि दाताने! मी म्हटलं, अहो काय करताय! डॉक्टरांनीही हात वर केला. "स्वतःचं स्वतः नाही. मागच्या वेळी कुणी काढलं होतं?"

"ही भोंगा," मावशी नाक मुरडून म्हणाल्या. "आठवडाभर निळा हात घेऊन फिरत होते. ये गं. नाइलाज आहे."

मी आधी गरम पाण्याच्या बाटलीला हात लावले, त्यांनीच शिकवलेलं. शीर चाचपली. घाई केली नाही. एकच टोचणी. नळी भरली, हलकेच उलटी केली, फिरवून आणली, उजेडात धरली. मावशींनी ती बघितली आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे नापसंत करण्याजोगं काही सापडलं नाही.

दुपारी निकाल आला. पुन्हा सगळे जमले, पण या वेळी कुणी हसत नव्हतं. गणितवालीने पडद्यावर बोट फिरवलं आणि थांबली. "पुन्हा तेच. एकच सॅम्पल. तोच माणूस."

मावशींनी टाळी वाजवली. "बघा! म्हणाले नव्हते मी? दोनदा काढलं आणि दोनदा तेच आलं, म्हणजे सॅम्पल खराब नव्हतं! माझा हात..." त्या आमच्याकडे वळून हसत होत्या, जिंकल्यासारख्या. "माझ्या हातचं सॅम्पल खराब होतच नाही!"

डॉक्टर त्यांच्यासमोर येऊन बसले, खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. "मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "सॅम्पल उत्तम आहे. पण ते तुमच्या हातचं नाही."

त्या खोलीत सगळ्यांचं रक्त मावशींनी काढलं होतं. सगळ्यांचं. फक्त एक नळी होती जी त्यांच्या हातची नव्हती, आणि ती मी भरली होती.

मावशींना कळायला क्षणभर जास्त लागला. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्यांनी आपल्या कोपराच्या आतल्या कापसाकडे बघितलं. "काहीतरीच काय!" त्या म्हणाल्या. "मला काय झालंय? एक दाढ सोडली तर..."

आणि मला जिना दिसला. पहिला मजला, दुसरा मजला, पट्टा, गालावर हात, कपाळावर घाम. मी इतक्या जोरात ओरडले की खरोखर कॅन्टीनमधून माणसं धावत आली. "डॉक्टर, ती दाढ फक्त जिना चढताना दुखते! बसल्यावर थांबते! अहो, दाढ कधी जिना चढते का?"

डॉक्टर ताडकन उठले. जबडा दुखणं, धाप, घाम, हे सगळं हृदयाचंही असतं, बायकांमध्ये छातीत न दुखताही असतं, हे आम्ही सगळे जाणत होतो. पेशंटांना समजावून सांगत होतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डॉक्टर म्हणाले, "प्रोग्रामने बोट दाखवलंय, पण मी त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून निदान करणार नाही. चला, तपासू. आत्ता."

साधा ईसीजी काढला. नॉर्मल! एकदम नॉर्मल पट्टी. मावशी म्हणाल्या, "झालं समाधान? जाऊ मी? चार नळ्या पडल्यात माझ्या." पण डॉक्टरांनी त्यांना ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर उभं केलं, अंगाला वायरी लावल्या. मी दाराशी, गणितवाली माझा दंड घट्ट धरून. पट्टा हळू चालला, मग थोडा चढाला लागला. मावशी चालत होत्या, मान ताठ, आमच्याकडे बघत, जणू म्हणत होत्या की काय तमाशा लावलाय. आणि मग त्यांचा हात आपोआप गालावर गेला. पडद्यावरची रेघ खाली झुकली. डॉक्टर ओरडले, "थांबवा!"

पुढचं सगळं धावपळीत. त्याच दिवशी त्यांना आत नेलं. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या वाहिन्यांचे फोटो काढतात, तिथे. मावशींचे यजमान, काका, शाळेची व्हॅन चालवतात. पोरांना घरोघरी सोडून ते तसेच आले. काका म्हणजे अबोल माणूस, मावशींच्या भाषेत 'बंद पडलेला रेडिओ'. ते बाकावर माझ्या शेजारी बसले, हातात एक पिशवी. तिच्यात मावशींच्या चपला. आत जाताना काढून दिल्या होत्या.

पिशवी मांडीवर घेत ते म्हणाले, "या पट्ट्यापायी दोनदा गेलो मी चांभाराकडे."

"हो का?" मी म्हटलं.

"तो दोन्ही वेळा म्हणाला, पट्ट्याला काही झालेलं नाही. मी हिला सांगितलं. ही म्हणाली, त्याला काय कळतंय." त्यांनी पिशवीत हात घालून पट्टा चाचपला. "घट्ट आहे हो. निघतच नाही हा."

मला रडू आवरेना. आणि रागही आला, असा राग, की दार फोडून आत जावं आणि त्या बाईला गदागदा हलवावं. सगळ्या गावाची दुखणी विचारत फिरता आणि स्वतःची चपलेत लपवता? दोन मजले वर चढायला दम पुरत नाही आणि म्हणे निरोगी! काकांसमोर बोलले नाही काही. देवाला, मशीनला, गणितवालीच्या चष्म्याला, ज्याला सुचेल त्याला मी हात जोडत होते.

दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. आमच्याकडे बघून हसले. त्यांनी सांगितलं, हृदयाची मुख्य वाहिनी जवळजवळ बंद होती. सुईच्या अग्राएवढी वाट उरली होती. ती उघडून जाळीची नळी बसवली होती, आणि रक्त धो धो वाहायला लागलं होतं. "हृदयाचा स्नायू शाबूत आहे, काका. झटका यायच्या आत पोचलो आपण." काका उठून उभे राहिले, काय करावं ते कळेना, मग त्यांनी डॉक्टरांचं जमिनीवर पडलेलं पेन उचललं आणि त्यांच्या खिशात नीट अडकवलं. माझ्या जिवात जीव आला. मी अशी काही ओरडले, की सिस्टरने मला तिथून हुसकावलं.

दुसऱ्या दिवशी मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर रंग. गणितवाली धावतच आली, चष्मा नाकावर घसरलेला. "मावशी! तुमचं सॅम्पल निरोगीतून काढून पेशंटमध्ये टाकलं! प्रोग्राम चुकला नव्हता, आपणच त्याला चुकीचं सांगितलं होतं! आता निरोगी म्हणवणाऱ्या सगळ्यांची डॉक्टर नीट तपासणी करणार आहेत, आधी तपासणी आणि मग शिक्का!"

"म्हणजे मी आजारी पडले आणि ते खोकं पास झालं," मावशी म्हणाल्या. "बरं झालं. घरातलं कुणीतरी शिकलं." आणि मग जरा थांबून, "पोरं गप्प होती गं माझी. सगळीच. मीच उठून बघितलं नाही."

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर ट्रे घेऊन आली. रोजची तपासणी, रक्त घ्यायचं होतं. चांगली अनुभवी सिस्टर. मावशींनी हात चादरीखाली घेतला. "राहू दे. माझी भोंगा येईल."

मी दारातच होते. पुढे गेले. ट्रे घेतला. वॉर्डात बाटली नव्हती, म्हणून वॉशबेसिनच्या गरम पाण्याखाली हात धरले. मावशी बघत होत्या. मी पट्टा बांधला, शीर चाचपली. माझ्याच टोचणीचा कालचा डाग तिथे होता, जांभळट निळा. मी म्हटलं, "निळं झालंय हो मावशी."

"झालंय थोडं." त्यांनी माझ्या मनगटावर आपला दुसरा हात ठेवला. गरम, नेहमीसारखा. "डॉक्टर म्हणत होते, पहिली नळी जराशी जरी गुलाबी असती ना, तर त्यांनी ती फेकून दिली असती. म्हणाले असते, सॅम्पल खराब, चला पुढे. मग कुणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं."

मी मान खाली घातली. डोळे भरले की शीर दिसत नाही.

"चांगलं होतं गं," मावशी म्हणाल्या. "तुझ्या हातचं सॅम्पल चांगलं होतं."

मी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यातून आवाज निघेना. सिस्टर बघतेय, गणितवाली बघतेय, काका दाराशी चपलांची पिशवी घेऊन उभे.

"आता टोच," मावशींनी हात पुढे केला. "आणि घाई करू नकोस, मला कुठे जायचं नाहीये."